नौकानयन, कोकण किनाऱ्यावरील
कोकणातील नौकानयन ऋतुमानानुसार चालते. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो व खाड्यांच्या मुखाशी उंच लाटा फुटतात. म्हणून कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत व नारळी पौर्णिमेला सागरपूजन करून पुन्हा समुद्रात लोटीत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास ही आगबोट वादळी हवेत बुडून सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. हिवाळ्यात समुद्र सामान्यतः शांत असतो; तथापि मोसमी वारे परतल्यावरही अरबी समुद्रात चक्रीवादळे उद्‌भवतात. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळाने ऐन मासेमारीच्या हंगामात कोकणातील नौकांना गाठले. त्यामुळे शांत ऋतूतही हवामानाची पूर्वसूचना पाहूनच नौका हाकारणे इष्ट ठरते.