बाकड्याचं गणित : स्वयंपाकघरातला कोपरा आणि प्लायवूडचा एक ताव

लहान फ्लॅटमध्ये चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल ठेवलं की चालायला वाट उरत नाही. याचं कारण टेबल नसून खुर्च्या असतात. खुर्चीला ती टेकते तेवढीच जागा पुरत नाही. ती मागे ओढून माणूस उठेल यासाठी आणखी दोन-अडीच फूट लागतात. भिंतीलगत बाकडं केलं तर ही मागची जागा वाचते. अमेरिकेत १९२०च्या दशकात लहान बंगल्यांच्या स्वयंपाकघरांत नाश्त्यासाठी असे कोपरे बरेच केले जात. आता आपल्याकडेही ते दिसू लागले आहेत, पण पुष्कळदा चित्रं पाहून बनवलेले. मग मुलांचे पाय लोंबकळतात, आजींना उठता येत नाही आणि वर्षभरात फळी मधे खोलगट होते. यांतली प्रत्येक गोष्ट आधी हिशोब करून टाळता येते, आणि तो हिशोब आठवी-नववीच्या वर्गाच्या आवाक्यातला आहे.

आधी माणसाचं माप घ्यायला हवं. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची म्हणजे बैठकीच्या उंचीची वरची मर्यादा. बैठक त्याहून उंच झाली तर पावलं टेकत नाहीत, मांडीचा खालचा भाग फळीच्या कडेवर दाबला जातो आणि पायाला मुंग्या येतात. परदेशी पुस्तकांत बैठकीची उंची १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर दिलेली असते. ज्या बाईंच्या खळगीची उंची ३९ सेंमी आहे, त्यांचे पाय या बाकड्यावर ७ सेंमी अधांतरी राहतील. भारतीय शरीरांची मापं गोळा करून देबकुमार चक्रवर्ती यांनी तयार केलेलं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केलं. असे तक्ते कारखान्यांसाठी, शाळांसाठी मोलाचे असतात. पण बाकडं आपल्या घरचं असेल तर घरातल्या पाच माणसांना भिंतीशी उभं करून टेपने मोजणंच उत्तम.

मग सर्वांत बुटक्या माणसाचं माप धरायचं का? इथे अडचण येते. बैठक जितकी खाली, तितका गुडघा जास्त दुमडतो आणि उठताना मांडीच्या स्नायूंवर जास्त भार येतो. म्हाताऱ्या माणसांना हे फार जाणवतं. म्हणून ज्यांना उठायला त्रास होतो त्यांच्या खळगीच्या उंचीइतकी बैठक ठेवावी आणि मुलांच्या पायांखाली पाट द्यावा. पाट सरकवता येतो, बाकडं नाही.

उठण्याबद्दलचा एक प्रयोग वर्गात करून पाहा. खुर्चीवर ताठ बसा, पावलं गुडघ्यांच्या थेट खाली ठेवा आणि पाठ पुढे न झुकवता, हातांचा आधार न घेता उठा. कोणालाच जमत नाही. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य पोटाच्या आसपास, म्हणजे बैठकीच्या वर असतो. उभं राहायचं तर तो पावलांच्या वर यायला हवा. त्यासाठी आपण नकळत दोन गोष्टी करतो : धड पुढे झुकवतो आणि टाचा मागे घेतो. आता बाकड्याची पुढची बाजू जमिनीपर्यंत फळीने बंद केलेली असेल तर टाचा मागे जाणार कुठे? समोर टेबल असल्यामुळे झुकायलाही मर्यादा. म्हणजे दोन्ही वाटा बंद! सुबक दिसणाऱ्या बंद पेटीच्या बाकड्यावरून उठणं अवघड जातं ते यामुळेच. पुढची बाजू मोकळी ठेवली की टाचांना जागा मिळते आणि फळीही वाचते. कोकणासारख्या दमट हवेत बंद पेटीत बुरशी धरते, तोही प्रश्न मिटतो. टोपल्या आणि डबे खाली उघड्यावर सरकवून ठेवता येतात. वर झाकण असलेल्या पेटीत ते ठेवले तर दर वेळी बसलेल्या सगळ्यांना उठवावं लागेल.

आता फळी किती वाकेल ते पाहू. दोन टेकूंवर ठेवलेल्या फळीच्या मधोमध वजन दिलं तर वाक टेकूंमधल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. रुंदीचा परिणाम मात्र साधा, सरळ प्रमाणात. हे पटवण्यासाठी ३० सेंमीची प्लॅस्टिकची पट्टी पुरते. ती पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर आडवी ठेवा. आधी गठ्ठ्यांत १४ सेंमी अंतर, मग २८. दोन्ही वेळा मधोमध तेवढीच नाणी ठेवा आणि दुसऱ्या पट्टीने वाक मोजा. अंतर दुप्पट, वाक सुमारे आठपट. मग पट्टी कडेवर उभी धरून तोच भार द्या. वाक दिसणारच नाही. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड असेल तर हिशोबाने ती उभी असताना २२५ पट ताठ असते. उभी फळी आडवीपेक्षा बळकट का, याचा विचार गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या शेवटच्या ग्रंथात केला होता. मात्र त्याचा प्रश्न फळी केव्हा मोडेल हा होता, आणि त्या बाबतीतला फरक जाडी-रुंदीच्या गुणोत्तराइतकाच, म्हणजे आपल्या पट्टीत १५ पट येतो. मोडणं आणि वाकणं यांचे नियम वेगळे आहेत.

बाकड्यासाठी आकडे मांडू. साधारण दर्जाचं १८ मिमी जाडीचं प्लायवूड, रुंदी ४० सेंमी, मधोमध ७० किलोचा माणूस. टेकू ५० सेंमीवर असतील तर वाक सुमारे २ मिमी. टेकू १०० सेंमीवर नेले तर सुमारे १५ मिमी. पैसे वाचवायला १२ मिमीचं प्लायवूड घेतलं तर ५० सेंमीवरही ६ मिमीच्या वर. शिवाय लाकूड सततच्या भाराखाली हळूहळू कायमचं वाकत जातं. म्हणून बचत जाडीत करू नये, टेकू जवळ घ्यावेत. आणखी एक युक्ती आहे. बैठकीच्या पुढच्या कडेखाली त्याच प्लायवूडची ५ सेंमीची पट्टी उभी, सरस आणि स्क्रूने पक्की बसवा. ही चिंचोळी पट्टी एकटीच जवळजवळ अख्ख्या फळीइतकी ताठ असते; दोन्ही एकजीव झाल्या की हिशोबाने ताठपणा साडेसहा पटींवर जातो. मागच्या कडेला भिंतीवर गिट्ट्या ठोकून बसवलेली पट्टी आधार देतेच. (भिंतीत नळ किंवा वायर नाही ना, हे आधी पाहावं.)

आता खर्च. भाव शहरागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून आपण तावांत मोजू. प्लायवूडचा ताव ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे साधारण २४४ बाय १२२ सेंमी. कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींना दीड-दीड मीटर लांबीचं बाकडं हवं आहे. ताव लांबीच्या दिशेने ४० सेंमीच्या तीन पट्ट्यांत कापा. पहिल्या पट्ट्यातून १५० सेंमीची बैठक आणि ४२ सेंमी उंचीचे दोन उभे टेकू निघतात. दुसऱ्यातून ११० ची बैठक आणि तीन टेकू. तिसऱ्यातून सहावा टेकू काढून जवळजवळ २०० सेंमी लांबीचा तुकडा उरतो; त्यात पुढच्या आणि भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या बसतात, वर फडताळापुरता तुकडा शिल्लक राहतो. लांब बैठकीला चार टेकू, आखूड बैठकीला दोन. तिचं दुसरं टोक लांब बैठकीच्या पुढच्या पट्टीवर ठोकलेल्या आधारावर टेकतं. म्हणजे अख्खं बाकडं एका तावात! लांबीच्या दिशेनेच का कापायचं? तावाच्या बाहेरच्या थराचे रेषे सहसा लांबीच्या दिशेने असतात आणि त्या दिशेने प्लायवूड जास्त ताठ असतं.

या बाकड्यावर चार माणसं बसतात, पाच नाही. कोपऱ्यातल्या ४० बाय ४० च्या चौकोनासमोर पाय ठेवायला जागाच नसते. तिथे बरण्या ठेवाव्यात. टेबलाचा वरचा पृष्ठभाग बैठकीपेक्षा २७ ते ३० सेंमी उंच असावा आणि त्याची कड बैठकीवर ५ ते ८ सेंमी आत यावी, कारण खुर्चीसारखं बाकडं पुढे ओढता येत नाही. चार कोपऱ्यांत पाय असलेलं टेबल सरकून आत जाणाऱ्याच्या गुडघ्यांना लागतं. मधे एकच खांब असलेलं सोयीचं. घरातल्या वृद्धांची जागा बाकड्याच्या मोकळ्या टोकाशी ठेवावी. गादी घालणार असाल तर त्यावर बसून, ती दबल्यावरची उंची मोजा आणि तेवढे टेकू आखूड कापा. बाजारात फोम घनतेवर मिळतो. ४० घनतेचा, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा फोम ३२ पेक्षा सहसा जास्त दिवस टिकतो.

आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात. प्लायवूडच्या कापलेल्या कडा हे पाणी शोषून फुगतात आणि थर सुटतात. म्हणून जलरोधक सरसाचं प्लायवूड घ्यावं, टेकूंच्या खालच्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत आणि प्रत्येक टेकूखाली ग्रॅनाइटचे दोन तुकडे ठेवावेत. हे तुकडे ओटा बसवणाऱ्याकडे बहुधा फुकट मिळतात. त्यांची जाडी मात्र टेकूच्या उंचीतून वजा करायला विसरू नका.