शंट : एकदाच करावयाचा खर्च नव्हे

"ज्या बाळाच्या शस्त्रक्रियेस आम्ही साहाय्य केले, त्याचेच नाव पुन्हा मदतीच्या यादीत कसे?" असा प्रश्न देणगीदार आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

मेंदूतील पोकळ्यांत पाण्यासारखा द्रव अखंड तयार होतो व रक्तात शोषला जातो. ही वाट अडली की द्रव साचतो, तान्ह्या बाळाचे डोके वाढू लागते आणि मेंदूवर दाब येतो. हाच जलशीर्ष विकार. शंट म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत त्वचेखालून नेलेली सिलिकॉनची बारीक नळी. तिच्यातील झडप द्रवाला एकाच दिशेने, बेताने वाहू देते. अमेरिकेतील जॉन होल्टर या तंत्रज्ञाने १९५६ साली स्वतःच्या आजारी मुलाकरिता अशी झडप घडविली.

शंटमुळे दाब उतरतो. मूळ विकार मात्र बहुधा कायम राहतो. नळी तुंबते, तुटते किंवा मूल वाढेल तशी तोकडी पडते. लहान मुलांतील सुमारे एक तृतीयांश शंट पहिल्या वर्षातच, तर जवळजवळ निम्मे दोन वर्षांत निकामी होतात. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो. तेव्हा सहसा नळी काढून, प्रतिजैविके देऊन, नंतर नवी बसवावी लागते. द्रव प्रमाणाबाहेर वाहून गेल्यास मेंदूभोवती रक्त साचू शकते.

स्वस्त नळीमुळे असे घडते, ही शंकाही निराधार आहे. युगांडातील १९५ बालकांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय बनावटीचा छाब्रा शंट व महागडा विदेशी शंट यांच्या वर्षभराच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

पालकांना आमची कळकळीची विनंती आहे : टाळू फुगून ताठर होणे, वारंवार उलट्या, दूध न ओढणे, सुस्ती, नजर खाली झुकणे, झटके, ताप वा नळीच्या मार्गावर लाली यांपैकी काहीही दिसल्यास 'दात येत असतील' म्हणून थांबू नये. रात्र असली तरी बाळास तत्काळ रुग्णालयात आणावे.

यादीत दुसऱ्यांदा आलेले नाव हे पहिली देणगी वाया गेल्याची खूण नव्हे. आईवडिलांनी धोका ओळखला आणि बाळ परत आले, याची ती नोंद आहे. ज्यांची नावे पुन्हा येतच नाहीत, त्यांतील काही बाळांची आम्हांस अधिक चिंता वाटते. म्हणून आपल्या देणगीचा काही अंश फेरतपासणी व प्रवासखर्चासाठी राखून ठेवण्याची अनुमती द्यावी, ही नम्र विनंती.