रेषा, आकार, रंग : आपल्या मुलांच्या हक्काची चित्रकला

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी कामगारांची हजारो मुले प्राथमिक शाळेत शिकतात. गणित, इंग्रजीच्या शिकवणीसाठी पालक पोटाला चिमटा काढतात, पण चित्रकला मात्र ‘फावल्या वेळचा छंद’ ठरते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. ज्यांना परवडते त्यांची मुले खासगी क्लासला जातात, आपली मागे राहतात. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यालाच सांस्कृतिक भांडवलातील विषमता म्हणतो. ही दरी विहारातील रविवारच्या बालवर्गात काही अंशी भरता येईल. त्यासाठी चित्रकलेची मूलतत्त्वे आपल्याला माहीत हवीत.

रेषा : उभी, आडवी, तिरपी, वक्र. पिंपळपानाच्या शिरा पाहून मुलांना हे चारही प्रकार सापडतात. उभी रेषा ताठ वाटते, आडवी शांत, तिरपी हालचाल दाखवते.

आकार : वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. वारली चित्रांतील माणूस दोन त्रिकोणांतून उभा राहतो. ध्यानस्थ बुद्धमूर्ती काढताना आधी एक मोठा त्रिकोण आणि वर लंबगोल काढायला सांगा. ‘मला जमत नाही’ म्हणणारे मूलही पेन्सिल हाती घेते.

घनाकार : कागदावरचे वर्तुळ सपाट असते, चेंडूला जाडी असते. स्तूपाचा अर्धगोल मातीत घडवला की हा फरक व्याख्येशिवाय कळतो.

रंग : लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग. लाल आणि पिवळा मिळून नारिंगी होतो. पंचशील ध्वजातील निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी हे पाचही पट्टे तीन रंग आणि कोऱ्या कागदावर तयार होतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग वापरले. आपल्याकडेही गेरू, हळद, कोळसा आहेच. हळदीत चुना मिसळून लाल रंग करून दाखवा; मात्र चुना मोठ्यांनीच हाताळावा.

छटा : एकाच रंगाचा फिकेपणा किंवा गडदपणा. कोळशाने कमी-जास्त दाब देऊन पाच चौकोन भरायला द्या.

पोत : पृष्ठभागाचा खरखरीत किंवा गुळगुळीतपणा. पान, नाणे, वीट यांवर कागद ठेवून खडू घासला की पोत उमटतो.

अवकाश : चित्रात मोकळी सोडलेली जागा. कागद भरलाच पाहिजे असे नाही. जवळचे मोठे, लांबचे लहान दिसते, हेही इथेच शिकवता येते.

ही सगळी तत्त्वे एकत्र पाहायची असतील तर लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. भाजे लेणीच्या चैत्यगृहातील आत झुकलेले खांब तिरपी रेषा दाखवतात, बाहेरच्या १४ स्तूपांचा समूह घनाकार दाखवतो. कार्ल्याच्या चैत्यगवाक्षातून आत येणारा उजेड छटा शिकवतो. दोन हजार वर्षांपूर्वी हे घडवणारे हात कष्टकऱ्यांचेच होते, हे मुलांना आवर्जून सांगा.

कार्यकर्त्यांनी तीन पथ्ये पाळावीत. तयार चित्र गिरवायला देऊ नये. मुलांच्या चित्रांची आपसांत तुलना करू नये. आकाश निळेच हवे, असा आग्रह धरू नये. एमआयडीसीतल्या मुलाला धुराचे करडे आकाश दिसत असेल तर तेच त्याचे खरे निरीक्षण आहे. साहित्याला फार खर्चही नाही. पाठकोरे कागद आणि खोक्यांचे पुठ्ठे पुरतात.

प्रत्येक मूल चित्रकार होईलच असे नाही. पण जे मूल नीट पाहायला शिकते, ते पुढे प्रश्न विचारायलाही शिकते. येत्या रविवारी आपल्या विहारात एक तास यासाठी राखून ठेवूया. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील, तर कलेचा तास खरोखर होतो का, हेही विचारूया.

जय भीम!