कोंबड्यांची रक्ती हगवण : डीएनए टेस्टवर पैसे कधी घालायचे?

500 पक्ष्यांची पहिली बॅच टाकताना पिल्लं, खाद्य, शेड, औषधं सगळ्याचा हिशोब आपण करतो. पण एक खर्च वहीत दिसतच नाही. तो म्हणजे कॉक्सिडिओसिस, आपल्या भाषेत रक्ती हगवण.

हा आजार आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होतो. तो आतड्यात वाढतो आणि त्याची अंड्यासारखी बीजं विष्ठेतून लिटरमध्ये पडतात. लिटर ओलं असेल तर ती एक-दोन दिवसांत तयार होतात, दुसरा पक्षी टिपतो आणि चक्र पुन्हा सुरू.

कोंबडीत आयमेरियाच्या मुख्य 7 जाती सापडतात. त्यातली टेनेला विष्ठेत रक्त दाखवते, म्हणून लगेच कळते. असर्व्हुलिना आणि मॅक्झिमा मात्र बऱ्याचदा गुपचूप काम करतात. पक्षी खातो, पण वजन धरत नाही. एफसीआर बिघडतो आणि आपण खाद्यवाल्याला दोष देत बसतो!

मग ओळखायचं कसं?

पहिली पायरी स्वस्त आहे. ताज्या मेलेल्या पक्ष्याचं शवविच्छेदन आणि विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. बीजं आहेत का, किती आहेत, हे यात कळतं. पण काही जातींची बीजं आकाराने इतकी सारखी असतात की नुसतं बघून जात ठरवणं अवघड जातं.

तिथे डीएनए टेस्ट कामाला येते. पीसीआरमध्ये मशीन नमुना 30-40 वेळा तापवतं आणि थंड करतं, त्यामुळे महागडं यंत्र लागतं. 'लॅम्प' ही टेस्ट सोपी. 60 ते 65 अंशांवर एकाच तापमानात साधारण तासाभरात होते आणि काही किटमध्ये निकाल रंग बदलून डोळ्यांना दिसतो. कोंबडीतल्या सातही जातींसाठी अशी टेस्ट 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. अडचण एकच : बीजाचं कवच कडक असतं, ते फोडून डीएनए काढावा लागतो. म्हणून हे काम प्रयोगशाळेचं, शेडमधलं नाही.

आता धंद्याचं गणित बघा

टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे पक्षी आजारी, असं नाही. लिटरवरच्या निरोगी बॅचमध्येही थोडा आयमेरिया असतोच. जिवंत लस दिली असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा : जात कळल्यावर माझा निर्णय बदलणार आहे का?

- पक्षी आज मरत आहेत? टेस्टची वाट बघू नका. डॉक्टरांना बोलवा, उपचार सुरू करा.
- औषध देऊनही प्रत्येक बॅचला तेच होतंय किंवा कोणती लस घ्यावी हे ठरवायचंय? तेव्हा टेस्टचा खर्च वसूल होतो.
- लिटर ओलं आहे, ड्रिंकर गळतोय? आधी तो दुरुस्त करा. टेस्ट नंतर.

नमुना देताना शेडच्या पाच-सहा ठिकाणची ताजी विष्ठा घ्या, बर्फावर ठेवा, गोठवू नका. सोबत पक्ष्यांचं वय, लस आणि खाद्यातली औषधं लिहून द्या. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात कोणती टेस्ट होते, हे बॅच टाकण्याआधीच विचारून ठेवा. मर सुरू झाल्यावर फोन नंबर शोधायला वेळ मिळत नाही.