‘तथास्तु’ म्हटल्यावर पुढे काय? इच्छा फसण्याच्या विनोदी गोष्टी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकांनी मला विचारलं, की यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? लहान मुलांच्या गोष्टी त्या. राक्षस येतो, तीन वर देतो, माणूस गोंधळ घालतो, संपलं. खरंय. पण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरात एक वाक्य ऐकलेलं असणार. तिन्हीसांजेला काही वाकडं बोललो की आजी म्हणायची, ‘असं बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो.’ आणि ‘शुभ बोल रे नाऱ्या’ तर आपण अजूनही म्हणतो, अगदी अंधेरी स्टेशनच्या पुलावर उभं राहून कोणी ‘आज गाडी बंद पडणार’ म्हणालं तरी. म्हणजे आपल्या डोक्यावर कोणीतरी बसलेला आहे, तो ऐकतोय, त्याला थट्टा कळत नाही आणि तो जे ऐकेल ते मंजूर करतो, ही कल्पना आपल्याकडे घरोघरी आहे. विनोदी गोष्टीला याहून चांगलं भांडवल नाही.

कल्पवृक्षाची गोष्ट आठवा. कीर्तनात हमखास येते. दमलेला वाटसरू झाडाखाली बसतो. त्याला ठाऊक नाही की हा कल्पवृक्ष आहे. मनात येतं, पाणी मिळालं तर बरं. पाणी आलं. जेवण आलं. गादी आली, पाय चेपायला माणूस आला. मग त्याच्या मनात येतं, एवढं सगळं मिळतंय खरं, पण इथे वाघ आला तर? वाघ आला. (हशा) तुम्ही हसलात ना? एक माणूस मेला, आणि आपण हसलो. कारण झाडाने काहीच चूक केली नाही. त्याने शेवटचा अर्जही पहिल्या अर्जाइतक्याच तत्परतेने निकालात काढला. मला हे झाड सरकारी कचेरीतल्या अतिशय प्रामाणिक कारकुनासारखं वाटतं. अर्जात लिहिलंय तेवढं बघायचं, अर्जदाराचं भलं-बुरं बघणं त्याच्या कामात बसत नाही.

आपली पुराणं तर मसुद्यांच्या चुकांनी भरलेली आहेत. हिरण्यकशिपूचा वर बघा: घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. एखाद्या कसलेल्या वकिलाने केलेला करारनामा. आणि फट कुठे राहिली, तर उंबऱ्यावर आणि संध्याकाळी. रावणाने देव, दानव, यक्ष सगळे लिहिले, माणूस लिहिला नाही, कारण माणसाला मोजलंच नाही. कुंभकर्णाची तर जीभच वळली, इंद्रासनाच्या जागी निद्रासन झालं. भस्मासुराचं सांगत नाही, त्याचा डोक्यावरचा हात सगळ्यांना माहीत आहे. या चौघांच्या गोष्टी आपण भक्तिभावाने ऐकतो, पण त्यांची रचना शुद्ध विनोदी आहे.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली, मंथरक नावाच्या विणकराची. त्याच्या मागाचं लाकूड मोडतं. कुऱ्हाड घेऊन तो लाकूड शोधत शोधत समुद्रकिनारी पोचतो, तिथे मोठं झाड दिसतं. पहिला घाव घालणार, तोच झाडावर राहणारा व्यंतर, म्हणजे एक प्रकारचा यक्षच म्हणा, बोलतो: हे माझं घर आहे, तोडू नकोस, पाहिजे ते माग. विणकर म्हणतो, थांबा, घरी विचारून येतो. इथेच बघा तो किती आपल्यातला आहे! वाटेत मित्र भेटतो, न्हावी. तो म्हणतो, राज्य माग. बायको म्हणते, राज्य म्हणजे कटकटी, ती रामालाही सुखाची झाली नाही. त्यापेक्षा आणखी दोन हात आणि आणखी एक डोकं माग. पुढे एक माग, मागे एक माग. एका कापडात घरखर्च भागेल, दुसऱ्याचे पैसे हातात राहतील. विणकराला पटतं. जातो, मागतो, मिळतं. दोन डोकी आणि चार हात घेऊन गावात शिरतो. लोकांना वाटतं राक्षस आला, आणि ते त्याला काठ्या-दगडांनी मारून टाकतात.

पंचतंत्र यावर शहाणपण सांगतं, की ज्याला स्वतःची अक्कल नाही आणि जो मित्राचं ऐकत नाही, तो नाश पावतो. शिवाय बायकोच्या सल्ल्याला नावं ठेवतं. मला हे अजिबात मान्य नाही. त्या बाईने हिशोब अचूक केला होता. कापडाचा भाव तिला माहीत होता, राज्याचा नव्हता. गोष्टीतली खरी चटका लावणारी बाब मला वेगळीच वाटते. समोर वाट्टेल ते द्यायला तयार असलेला व्यंतर उभा आहे, आणि या दोघांना मागता काय येतं, तर जास्त काम करता येण्याची सोय! आराम मागता येतो हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. बोरिवलीहून चर्चगेटला रोज उभ्याने जाणाऱ्या माणसाला उद्या व्यंतर भेटला, तर तो काय मागेल? बसायला जागा. ‘रोज जावंच लागू नये’ असं मागणारे मला कमी भेटलेत. माणूस जितका दमलेला, तितकी त्याची इच्छा त्याच्या दमण्याच्या आकाराची होते.

इंग्रजीत या प्रकाराला विसाव्या शतकाच्या आसपास बहर आला. एच. जी. वेल्सची 1898 मधली गोष्ट आहे, चमत्कार करू शकणाऱ्या माणसाची. फॉदरिंगे नावाचा साधा कारकून. चमत्कार शक्य नाहीत, असा वाद दारूच्या गुत्त्यात घालताना तो दिव्याला उलटा हो म्हणतो, आणि दिवा उलटा होतो. पुढे तो एका पोलिसाला भलतीकडे जा म्हणतो, तो खरंच नरकात पोचतो, मग घाईघाईने सॅन फ्रान्सिस्कोला पाठवावा लागतो. शेवटी हा गृहस्थ पृथ्वीला फिरायची थांब म्हणतो. पृथ्वी थांबते, पण तिच्यावरच्या वस्तू थांबत नाहीत. घरं, माणसं, गुरं, सगळं त्याच वेगाने पुढे उडतं. लोकलने अचानक ब्रेक मारल्यावर डब्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे वेल्सचं भौतिकशास्त्र आपल्याला लगेच कळतं.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1902 मध्ये, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची माकडाच्या पंजाची गोष्ट आली. ती भयकथा म्हणून प्रसिद्ध आहे. पण जेकब्स मुळात विनोदी लेखक, गोदीतल्या खलाशांच्या गमती लिहिणारा. आणि तो पंजा येतो कुठून? हिंदुस्थानातून, एका फकिराचा मंत्र घेऊन. घरातले 200 पौंड मागतात, आणि मिळतात तेवढेच, कारखान्यात यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. रचना तीच आहे, कल्पवृक्षाची. फक्त वाघ आपल्या घरच्या माणसावर आला की हसू थांबतं. विनोद आणि भय यांच्यात एवढंच अंतर असतं.

आता मराठीकडे येऊ. दिव्यातल्या-बाटलीतल्या राक्षसांची ओळख आपल्याला कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हापासूनची. महेश कोठाऱ्यांच्या ‘धडाकेबाज’मध्ये, 1990 साली, लक्ष्मीकांत बेर्डेला बाटलीत आपल्यासारखाच दिसणारा गंगाराम सापडतो. त्याच्याकडे जादू आहे, पण ती वाळूत आहे, आणि वाळू संपत जाते. ही फार मराठी मध्यमवर्गीय जादू आहे, महिनाअखेर असलेली.

आणि 2004 साली दोन सिनेमे आले. केदार शिंद्यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये संजय नार्वेकरचा नायक बायकांमुळे वैतागून देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, आणि त्याला बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. चार वर्षांपूर्वी हॉलिवूडमध्ये अशीच कल्पना येऊन गेली होती. पण तिथे नायकाला विजेचा धक्का बसतो, म्हणजे अपघात. आपल्याकडे अपघाताने भागत नाही, कोणाकडे तरी मागावं लागतं. आणि मागितलं की ते आपल्या नावावर चढतं.

दुसरा सिनेमा सचिन पिळगावकरांचा ‘नवरा माझा नवसाचा’. इथे तर मागणारे वेगळे आणि भोगणारा वेगळा! आईवडिलांनी मूल व्हावं म्हणून नवस केला, मुलाला उघडंनागडं गणपतीपुळ्याला आणू. फेडायचा राहिला. आता मुलगा बाप्या झालाय, आणि बायको म्हणते, चला. इंग्रजी गोष्टीत इच्छा बिघडते ती शब्दांत. आपल्याकडे इच्छा नीट पुरी होते, बिघडते ती फेडताना. वर फुकट नसतो, तो उधारीवर असतो, आणि थकबाकी पुढच्या पिढीकडे येते. जुन्या इमारतीतली देणी वारसाच्या नावावर लागतात तशी.

प्रश्नोत्तरांत एकांनी विचारलं, मग मागावं तरी कसं? इथे भांडुप-मुलुंडला राहणाऱ्या कोकणी मंडळींना मी काय सांगणार! गावचं गाऱ्हाणं ऐका. मानकरी एकेक गोष्ट सुटी करून मागतो, मुंबईला गेलेल्यांची, गुराढोरांची, पोराबाळांची, मध्येमध्ये सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात, आणि काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घे, हे कलमही त्यात असतं. हिरण्यकशिपूने हे शेवटचं कलम घातलं असतं तर? तशी आपल्याकडे एक आंधळी म्हातारीही आहे. देव म्हणाला, एकच वर माग. ती म्हणाली, नातवाला सोन्याच्या वाटीत दूधभात खाताना बघायचंय. डोळे आले, सून आली, नातू आला, पैसा आला, आणि ते सगळं बघण्याइतकं आयुष्यही आलं. एकही फट नाही. पण ही गोष्ट चार वाक्यांत संपते, तिच्यावर सिनेमा निघत नाही, आणि तासाभराचं व्याख्यानही होत नाही. चला, साडेनऊ झाले, मागच्या रांगेतले उठायला लागलेत.