शिळ्याचं भय आणि फोडणीचा भरवसा

उरलेल्या अन्नाबद्दल दोन अगदी उलट समज आपल्याकडे एकाच घरात सुखाने नांदतात. रात्रीचं अन्न सकाळी निःसत्त्व होतं, ते खाल्लं की दुखणं ठरलेलं, हा एक. आणि खमंग फोडणी दिली, खळखळून उकळलं की काहीही चालतं, हा दुसरा. पहिल्यापायी चांगलं अन्न कचऱ्यात जातं, दुसऱ्यापायी माणसं आजारी पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. त्यात साली-बियांसारखे न खाण्याचे भागही धरलेत, तरी आकडा अस्वस्थ करणाराच आहे.

आधी भाताचं पाहू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजताना जिवाणू मरतात, बीजाणू मात्र तगतात. पातेलं ओट्यावर कोमट राहिलं की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास ठेवूनही टिकल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. आपला कुकर पूर्ण दाबाला जेमतेम 120 अंशांपर्यंत पोचतो. मग मोहरी-हिंगाच्या फोडणीने आणि दोन मिनिटांच्या परतण्याने काय होणार? रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला फोडणी चव देते, सुरक्षितता देत नाही.

याचा अर्थ फोडणीचा भात सोडून द्यायचा असा मुळीच नाही. त्याची तयारी आदल्या रात्री करायची, एवढंच. 5 ते 60 अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. त्यात शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, कडक उन्हाळ्यात तर तासाभरापेक्षाही कमी. जेवणं उरकली की उरलेला भात परातीत पसरून मोकळा करावा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की नासतं, या धास्तीने पातेली मध्यरात्रीपर्यंत बाहेर राहतात आणि नेमका तोच वेळ घातक ठरतो. किंचित कोमट डबा फ्रिजला जड जात नाही. काठोकाठ भरलेलं मोठं पातेलं मात्र मधोमध तासन्‌तास गरम राहतं, म्हणून अन्न उथळ डब्यांत विभागलेलं बरं. फ्रिजमध्ये जंतू मरतात, हाही भ्रमच. थंडीने त्यांची वाढ मंदावते, थांबत नाही. आणि वासावर तर विसंबूच नये: अन्न आंबवणारे जिवाणू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे मुकाट वाढतात, वासही येत नाही आणि तारही सुटत नाही.

निःसत्त्व होण्याचं म्हणाल, तर क जीवनसत्त्वासारखी नाजूक द्रव्यं पुन्हा गरम करताना घटतात, हे खरं. पण डाळीतली प्रथिनं, धान्यातले खनिज क्षार आणि तंतू कुठे जात नाहीत. उलट भात गार झाला की त्यातल्या पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात न पचणारं रूप घेतो. तो मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि तिथल्या उपकारक जिवाणूंचं खाद्य होतो.

पोळी-भाकरीचा मामला भातापेक्षा सोपा, कारण त्यांत पाणी कमी. म्हणून तर कुस्करा, गूळ-तुपातला पोळीचा लाडू, ताकात भिजवलेली ज्वारीची भाकरी असे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र पोळ्या चिकट होतात, त्यांना बुरशी धरते. बुरशीचा ठिपका कापून बाकीची पोळी खाणं चुकीचं आहे. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खूप आतवर गेलेले असतात. याउलट फ्रिजमधली कणीक वरून काळपट दिसली की ती नासली, असं समजून फेकली जाते. तो रंग गव्हाच्या कोंड्यातल्या विकरांचा हवेशी संबंध आल्याने येतो. वरून तेलाचा हात फिरवून झाकणबंद ठेवलेली कणीक दुसऱ्या दिवशी वापरायला हरकत नाही. आंबूस वास आला तर मात्र टाकावी.

उरलेलं अन्न कसं वागवावं, हे मला गोव्याच्या 'कालच्या कढी'त फार सुंदर दिसतं. आदल्या दिवशीची माशाची कढी मंद आचेवर आटवत दाट करायची आणि सकाळी पावाबरोबर किंवा पेजेबरोबर खायची. तिच्यात सोलांचा आंबटपणा असतो, मीठ असतं, आटवल्याने पाणी कमी झालेलं असतं. जिवाणूंना या तिन्ही गोष्टी मानवत नाहीत. रात्री उकळी आणून गार करून नीट ठेवायची आणि सकाळी पुन्हा उकळायची, ही शिस्त पाळली तर ती चव न्याहारीला मिळते. कालची कढी खाणारा माणूस गरिबीचं काही खात नाही. ताज्या कढीला न येणारी चव खातो. फोडणीच्या पोळीचा डबा उघडायला लाजणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तीच गोष्ट सालींची आणि देठांची. दोडक्याच्या शिरा तेलावर कुरकुरीत परतून, तीळ आणि सुकं खोबरं घालून केलेली चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा सरस लागते, असं माझं ठाम मत आहे. कलिंगडाचा पांढरा गर किसून धिरड्यात जातो, फणसाच्या आठळ्या उकडून आमटीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून भाजीत, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात. पुरणाच्या डाळीचं पाणी तर आपण वाया जाऊच देत नाही, त्याची कटाची आमटी होते. लोणी कढवल्यावर राहिलेली बेरी थालीपिठाच्या पिठात मळून पाहावी.

पण प्रत्येक सालीत पोषण ठासून भरलेलं असतं आणि ती खायलाच हवी, हा समज जरा आवरावा. हिरवट पडलेल्या किंवा कोंब आलेल्या बटाट्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात, ती उकडून जात नाहीत. असा हिरवा भाग आणि कोंब खोलवर काढावेत. बटाटा फारच हिरवा किंवा कडू असेल तर वापरूच नये. दुधी आणि दोडका चिरण्याआधी एक बारीक तुकडा जिभेला लावून पाहावा. त्यात कधीकधी कुकुरबिटासिन हे कडू द्रव्य वाढलेलं असतं, आणि ते शिजवूनही नाहीसं होत नाही. तुकडा कडू लागला तर थुंकून टाकावा, आणि तेवढा दोडका शिरांसकट कचऱ्यात टाकावा.