तळपायावरील काळा डाग : अग्निकर्मापूर्वी निदान

शिराळा तालुक्यात भातलावणीचा हंगाम सुरू झाला की चिखल्या, भेगा आणि कुरूप यांचे रुग्ण वैद्यांकडे येऊ लागतात. कुरूप म्हणजे सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेला कदर होय. शस्त्राने काढून दहन करणे ही त्याची शास्त्रोक्त चिकित्सा. तथापि तळपायावरील प्रत्येक काळा, टणक डाग कदर नसतो. क्वचित तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतील रंजकपेशींचा कर्करोग असतो.

आपल्याकडे हा रोग विरळ आहे. परंतु होतो तेव्हा तळपाय, तळहात व नखाखालची जागा यांचा त्यात मोठा वाटा असतो. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावर १९७७ मध्ये याच रोगाचे निदान झाले. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ते निवर्तले.

अनेक मेलॅनोमांत ‘बीरॅफ’ जनुकात बदल असतो, हे २००२ मध्ये उघड झाले. या बदलामुळे पेशीला विभाजनाचा संकेत अखंड मिळत राहतो. तो रोखणारे व्हेम्युराफेनिब २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पुढे डाब्राफेनिब व ट्रामेटिनिब एकत्र देण्याची पद्धत आली. यांस लक्ष्यवेधी उपचार म्हणतात. तळपायाच्या मेलॅनोमात मात्र बीरॅफमधील बदल तुलनेने कमी आढळतो. काहींत ‘किट’ जनुक बदललेले असते व तेथे इमॅटिनिबचा विचार होतो. म्हणून औषध ठरविण्यापूर्वी रोगग्रस्त ऊतीची तपासणी अनिवार्य ठरते.

येथेच आपली जबाबदारी येते. अग्निकर्माने वा क्षारकर्माने पृष्ठभाग जळतो, खालचा रोग वाढत राहतो आणि तपासणीस लागणारी ऊतीच नष्ट होते. रोगाची खोली १ मिलिमीटरपेक्षा कमी असताना शस्त्रकर्माने बहुतेक रुग्ण बरे होतात. गमावलेला काळ परत मिळत नाही.

दहनापूर्वी पुढील लक्षणे पाहावीत : डागाच्या दोन बाजू विषम असणे, कडा वेड्यावाकड्या असणे, रंग मिश्र असणे, आकार वाढणे, रक्त येणे, तसेच नखावरील काळी रेघ रुंदावून भोवतालच्या त्वचेवर पसरणे. काही मेलॅनोमा रंगहीनही असतात. म्हणून न भरणाऱ्या व्रणाचीही उपेक्षा नको. औषध विक्रेत्यांनी कुरूपाची पट्टी देण्यापूर्वी डागाचा रंग व काळ अवश्य विचारावा.

शंका येताच रुग्णास मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात पाठवावे. आधी रोगाची परीक्षा, नंतर औषधाची, हा क्रम चरकाचार्यांनीच घालून दिलेला आहे.